बंद करण्याआधीचे आठवडे : नवजात बाळांच्या स्टोमाविषयी प्रस्तावना

१७९३ साली फ्रान्समधल्या ब्रेस्त या बंदराच्या गावी द्यूरे नावाच्या शल्यचिकित्सकाने तीन दिवसांच्या एका बाळाच्या पोटाला डाव्या बाजूने छेद दिला आणि मोठे आतडे बाहेर काढून त्वचेशी जोडले. बाळाला जन्मतः गुदद्वार नव्हते. असे करता येईल ही कल्पना १७१० मध्ये लित्र याने मांडली होती. अशाच दोषाने दगावलेल्या एका अर्भकाच्या शवविच्छेदनातून त्याला ती सुचली. पण कल्पनेतून बाळ वाचायला आणखी ऐंशीहून अधिक वर्षे गेली. द्यूरेचे बाळ वाचले, मोठे झाले आणि पोटावरच्या त्याच वाटेने पंचेचाळीस वर्षे जगले.

त्या मुलाच्या बाबतीत एक प्रश्न कोणालाच पडला नाही, कारण तो पडण्याजोगी परिस्थितीच नव्हती : ही वाट बंद कधी करायची? बंद करायची तर खाली दुसरी वाट हवी, आणि ती तयार करण्याची विद्या अजून जन्मायची होती. १९४८ मध्ये स्वेन्सन यांनी हिर्शस्प्रुंग या आतड्याच्या जन्मजात आजारावरची शस्त्रक्रिया मांडली, १९८२ मध्ये पेन्या आणि द व्ह्रीस यांनी गुदद्वार तयार करण्याची आजची पद्धत प्रसिद्ध केली, आणि त्याच सुमारास कमी दिवसांची, कमी वजनाची बाळे जगवणारे विभाग उभे राहू लागले. तेव्हा कुठे स्टोमा, म्हणजे पोटावरची ही वाट, मुक्काम न राहता टप्पा झाला. ‘बंद कधी करायचा’ हा प्रश्न आपल्या शास्त्राच्या यशातून आलेला आहे, आणि त्याचे पक्के उत्तर अजून सापडायचे आहे. या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी हे सुरुवातीलाच सांगतो, कारण ज्या क्षेत्रातला मध्यवर्ती प्रश्न उघडा आहे त्या क्षेत्रात आपल्या निरीक्षणाला किंमत असते. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्याला नीट लिहिलेले वजन हेसुद्धा इथे ज्ञानात भर घालते.

हे लेखन बालशल्यचिकित्सा शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहेच. पण त्याच्याइतकेच ते तुमसर, मोहाडी, साकोली अशा ठिकाणच्या वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी, नवजात विभागातल्या परिचारिकेसाठी, गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या असलेल्या आशाताईंसाठी आणि वाचू इच्छिणाऱ्या आईवडिलांसाठी आहे. शस्त्रक्रिया नागपूरला होते. ती करण्याजोगे बाळ मात्र गावात तयार होते, आणि माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

आधी मूलभूत माहिती. आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून त्वचेला शिवले की तो स्टोमा. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा असेल तर इलिओस्टॉमी, त्याहून वरचा असेल तर जेजुनोस्टॉमी, मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टॉमी. घरची माणसे यातला एकही शब्द वापरत नाहीत. ‘पोटावर शी काढली आहे’ असे ती सांगतात, आणि डॉक्टरांनीही त्यांच्याशी त्याच शब्दांत बोलावे. लाल, ओलसर, मांसल दिसणारा तो भाग पाहून आजी पदर तोंडाला लावते. तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवे की त्या भागाला हात लागला तरी बाळाला दुखत नाही. दुखते ती भोवतालची सोललेली त्वचा. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ शीत पाचक रस असतात आणि ते त्वचेलाही सोडत नाहीत. बाळाच्या मापाची पिशवी प्रत्येक गावात मिळत नाही; मिळाली तरी वैशाखातल्या घामाने ती टिकत नाही. म्हणून झिंक ऑक्साइडचा जाड थर, वरून मऊ सुती कापडाच्या घड्या आणि ओले झाले की लगेच बदलणे, एवढी साधी पद्धत आईला रुग्णालयातून निघण्याआधी स्वतःच्या हाताने करून दाखवता आली पाहिजे.

प्रत्येक स्टोमाचे वेळापत्रक वेगळे असते. नव्या वाचकाचा पहिला गोंधळ बहुधा इथेच होतो.

गुदद्वार नसलेल्या बाळाची कोलोस्टॉमी तशी सोसणारी असते. लहान आतडे शाबूत असते, पाणी आणि मीठ बरेचसे आतच राहते, बाळ आईच्या दुधावर वाढते. पुढे खालच्या आतड्यात रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र काढतात, मूत्रमार्गाशी जोडणारी चुकीची वाट कुठे आहे ते पाहतात आणि गुदद्वार तयार करतात. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी ते रुंद करण्याचा क्रम सुरू होतो. हेगर नावाच्या धातूच्या गुळगुळीत कांड्या असतात, क्रमांकाने वाढत जाणाऱ्या. दिवसातून दोनदा कांडी घालायची आणि हळूहळू पुढच्या क्रमांकावर जायचे. चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला बारा क्रमांकाची कांडी सहज गेली पाहिजे, त्यापुढे वयाप्रमाणे मोठ्या क्रमांकाची, असा दंडक पेन्या यांनी घालून दिला. ते माप गाठले की कोलोस्टॉमी बंद करता येते. हे काम आई करते, घरी, बाळ रडत असताना. म्हणजे बंद करण्याची तारीख इथे शल्यचिकित्सकाच्या वहीपेक्षा आईच्या हातावर जास्त अवलंबून आहे. आईला ‘तुम्ही बाळाला त्रास देत आहात’ असे शेजारणीने एकदा म्हटले तरी क्रम तुटतो. तो तुटला की नवे गुदद्वार आवळते आणि सगळे महिनोन्‌महिने मागे जाते. गावातली आशाताई त्या शेजारणीशी बोलू शकते. नागपूरचा डॉक्टर बोलू शकत नाही.

हिर्शस्प्रुंगच्या आजारात, जिथे आतड्याच्या खालच्या भागात चेतापेशीच नसतात, तिथे पुष्कळदा स्टोमाचेच टोक खाली ओढून गुदद्वाराशी जोडले जाते. मग बंद करणे आणि मूळ दुरुस्ती एकाच वेळी होते, आणि प्रश्न ‘त्या शस्त्रक्रियेला बाळ केव्हा तयार’ असा होतो.

खरा वाद आहे तो कमी दिवसांच्या बाळांच्या इलिओस्टॉमीबद्दल. नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, म्हणजे आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग मृत होण्याचा आजार, प्रामुख्याने अकाली जन्मलेल्या बाळांना होतो. आतडे फुटले किंवा काळे पडले तर मेलेला भाग काढून उरलेले टोक पोटावर आणावे लागते. हे बाळ मुळात हजार-बाराशे ग्रॅमचे, रक्तात जंतू पसरलेले, कसेबसे सावरणारे. त्याचे पोट पुन्हा केव्हा उघडायचे?

थांबा म्हणणाऱ्यांची बाजू अशी. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पोटात आतडी एकमेकांना चिकटतात आणि सुरुवातीचे काही आठवडे हे चिकटलेपण ताजे, रक्ताळ असते. तेव्हा हात घातला तर चांगले आतडेही फाटते. वजन कमी असेल तर भूल देणे जोखमीचे. अकाली जन्मलेल्या बाळाचा श्वास भुलीनंतर मध्येच थांबू शकतो, आणि ही भीती वय वाढते तशी ओसरते. शिवाय या आजारात जे आतडे वाचले असे वाटते त्यात पुढे काही आठवड्यांनी जागोजाग आकुंचन येऊ शकते, विशेषतः मोठ्या आतड्यात. घाईने जोडले आणि खाली आवळलेली जागा राहून गेली, तर जोडलेला टाका उसवतो.

लवकर करा म्हणणाऱ्यांची बाजूही तितकीच भक्कम आहे. स्टोमाच्या खालचे आतडे वापरात नसल्याने बारीक राहते आणि वरच्या फुगलेल्या आतड्याशी त्याचा मेळ बसत नाही. बाळ शिरेतून दिलेल्या पोषणावर राहिले तर यकृतावर ताण येऊन कावीळ होते आणि नळीतून जंतू शिरतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : ज्याची इलिओस्टॉमी जास्त वाहते ते बाळ वाढतच नाही. मग ‘वजन वाढले की बंद करू’ हे वाक्य फसवे ठरते, कारण बंद केल्याशिवाय वजन वाढणार नसते.

या कोंडीतून मार्ग काढण्याची एक किल्ली फार दुर्लक्षित आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. ती किल्ली म्हणजे मीठ. इलिओस्टॉमीतून जाणाऱ्या द्रवात सोडियमचे प्रमाण रक्ताच्या जवळ जाणारे, लिटरला शंभर मिलिमोलच्या आसपास असते. आईच्या दुधात ते त्या मानाने अगदी थोडे. बाळ भरपूर दूध पिते, रात्री झोपते, रक्ततपासणीत सोडियम ठीक दिसते, आणि तरीही काटा हलत नाही. कारण शरीर रक्तातले सोडियम सांभाळण्यासाठी मूत्रपिंडाकडून एकेक कण परत खेचत असते. ही ओढाताण रक्तात दिसत नाही, लघवीत दिसते. लघवीतले सोडियम लिटरला वीस-तीस मिलिमोलच्या खाली गेले असेल तर बाळ मिठाला उपाशी आहे असे समजावे, रक्ताचा अहवाल काहीही म्हणो. सोडियमची पुरेशी मात्रा पोटातून सुरू केली की अनेक बाळे तेवढ्याच दुधावर वजन घेऊ लागतात. ‘दूध पुरत नाही’ असे ठरवून आईचे दूध तोडणे आणि डब्याची पावडर सुरू करणे, हा या टप्प्यावरचा सर्वांत वाईट निर्णय असतो. त्याआधी लघवीची ही एक तपासणी व्हायलाच हवी. मात्रा डॉक्टरांनीच मोजून द्यायची आहे. घरी चिमटीने मीठ घालणे धोक्याचे, हे आईला तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दुसरा उपाय रुग्णालयात राहणाऱ्या बाळांसाठी. पोटावर आतड्याची दोन्ही टोके बाहेर असतील तर वरच्या टोकातून येणारी शी गोळा करून बारीक नळीने खालच्या टोकात परत सोडता येते. पाहणाऱ्याला हे विचित्र वाटते. पण त्यामुळे पाणी आणि मीठ वाचते, खालचे आतडे कामाला लागते, पुढे जोडताना दोन टोकांची रुंदी जुळते. परिचारिकेच्या चिकाटीवर चालणारा हा उपाय आहे, आणि तो करणाऱ्या परिचारिकांचे श्रम शोधनिबंधांत क्वचितच दिसतात.

मग निश्चित असे काय आहे? जगभर प्रचलित असलेले आकडे सगळे अनुभवातून आलेले आहेत : कोणी सहा आठवडे म्हणतो, कोणी आठ, कोणी बारा, कोणी दोन किलो, कोणी अडीच. या आकड्यांमागे मोठ्या, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांचे बळ नाही. जुन्या नोंदींची तुलना केली तर लवकर बंद केलेली आणि उशिरा बंद केलेली बाळे मुळातच वेगळी असतात. जी जास्त आजारी ती उशिरापर्यंत थांबलेली, किंवा उलट, जी वाहून वाहून खंगली ती लवकर घेतलेली. त्यातून निष्कर्ष काढणे कठीण. ब्रिटनमध्ये ‘टॉस्किन’ या नावाने झालेल्या अभ्यासाने नेमका हाच प्रश्न हाती घेतला : नवजातांचा स्टोमा लवकर की उशिरा, अशी तुलना करणारी चाचणी घेता येईल का, डॉक्टर आणि पालक तिला तयार होतील का. इतक्या पुढारलेल्या देशाला आधी ‘प्रश्न विचारता येईल का’ हे तपासावे लागले, यातच या विषयाची अवघडता कळते. आपल्याकडच्या विद्यार्थ्याने अशा चाचण्यांची वाट जरूर पाहावी. पण त्यांचे उत्तर आले तरी ते तुमसरला जसेच्या तसे लागू होणार नाही, हेही समजून असावे.

का, ते सांगतो. तुमसर हे धानाच्या बाजारपेठेचे गाव. हावडा-मुंबई लोहमार्गावरच्या तुमसर रोड जंक्शनवरून एक फाटा गोबरवाही, डोंगरी बुजुर्गवरून मध्य प्रदेशातल्या तिरोडीकडे जातो. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणी त्याच पट्ट्यात. बालशल्यचिकित्सक नागपूरला, म्हणजे गोबरवाहीच्या आईला आधी तुमसर, मग भंडारा किंवा तुमसर रोडवरून रेल्वे, मग नागपुरातले रुग्णालय. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी रुग्णालयात आणि शासनाच्या योजनेतून बहुतांशी भागतो. भागत नाही ती बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचे जेवण, घरी ठेवलेल्या थोरल्या मुलाची आबाळ. इलिओस्टॉमी असलेल्या बाळाला जुलाब सुरू झाले तर काही तासांत ते कोरडे पडू शकते, आणि या प्रवासाला काही तासच लागतात. मुक्कामाच्या गावापासून शल्यचिकित्सकापर्यंतचे अंतर ही माझ्या मते वैद्यकीय नोंद आहे. ती वजनाच्या आणि सोडियमच्या शेजारी, त्याच कागदावर लिहिली गेली पाहिजे. रुग्णालयापासून दहा मिनिटांवर राहणारे बाळ बारा आठवडे थांबू शकते. तेच बाळ दूर नाकाडोंगरीला असेल तर माझा कल लवकर बंद करण्याकडे, आणि ते जमत नसेल तर तोवर नागपूर किंवा भंडाऱ्याजवळ ठेवण्याकडे राहील.

ऋतूचेही तसेच. विदर्भातला मे महिना पंचेचाळीस अंशांना भिडतो. जानेवारीत इलिओस्टॉमी झालेल्या बाळाचे आठ आठवडे मार्चमध्ये भरतात, बारा एप्रिलमध्ये. त्यानंतर थोडी जरी ढिलाई झाली तरी ते बाळ पाणी आणि मीठ गमावत ऐन उन्हाळ्यात सापडते. तारीख ठरवताना कॅलेंडर पुढे उलटून पाहावे. आणि जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बहुतेक बायाच, आणि त्या दिवसांची मजुरी घराला वर्षभर पुरवायची असते. रोवणीच्या आठवड्यात दिलेली तारीख चुकली तर त्याला ‘पालकांची बेपर्वाई’ असा शेरा मारणे अन्यायाचे आहे. आधी विचारले असते तर पंधरा दिवस अलीकडची किंवा पलीकडची तारीख देता आली असती.

पूर्व विदर्भातल्या याच झाडीपट्टीने नवजात बाळांच्या शास्त्राला एक मोठी देणगी दिली आहे. १९९०च्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत खेड्यातल्या बायांना शिकवून तपासली, आणि १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. आज देशभर आशाताई घरभेटी देतात त्यामागे हे काम आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. पुढच्या भेटींचा क्रम तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतो. आता स्टोमाच्या आठवड्यांशी हे ताडून पाहा. बेचाळीस दिवस म्हणजे सहा आठवडे, तीन महिने म्हणजे बारा-तेरा. ज्या सहा ते बारा आठवड्यांत बंद करायचे की थांबायचे याचा निर्णय व्हायचा असतो, नेमक्या त्याच काळात सर्वसाधारण वेळापत्रकाप्रमाणे घरी कोणीच जात नाही. स्टोमा जन्मानंतर काही दिवसांनी झाला असेल तर आकडे थोडे सरकतील, पण पोकळी राहतेच.

ती भरायला नवे खाते उघडावे लागत नाही. लसीकरण सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असते, आणि लसीला आई येतेच. त्या तीन दिवशी उपकेंद्रात बाळाला कपडे काढून तोलायचे, स्टोमाभोवतीची त्वचा पाहायची, दिवसात किती वेळा कापड बदलावे लागते ते विचारायचे आणि हे सगळे फोनवरून नागपूरला कळवायचे. दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढ होत असेल तर थांबायला वाव आहे. दहाव्या आठवड्याचे वजन सहाव्याएवढेच असेल तर चौदाव्याची वाट पाहू नये. तोंडातून द्यायच्या रोटाव्हायरसच्या लसीबद्दल मात्र अशा बाळाच्या शल्यचिकित्सकाला आधी विचारून घ्यावे.

भंडाऱ्यात काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागाला आग लागली आणि दहा बाळे गेली. या जिल्ह्यातल्या आईला ‘बाळ आमच्याकडे ठेवून जा’ म्हणताना शब्द जपून वापरावे लागतात. तिने बाळाजवळ बसायचा हट्ट धरला तर तिला बसू द्यावे. दूध, स्पर्श आणि स्टोमा सांभाळायचे शिक्षण, तिन्ही त्या बसण्यातूनच होतात.

बंद करण्याआधी खालच्या आतड्याचे रंगद्रव्य सोडून काढलेले चित्र हवेच. आवळलेली जागा शोधण्याचा हा भरवशाचा मार्ग आहे आणि घाईत तो टाळणाऱ्यांना पोट तिसऱ्यांदा उघडावे लागू शकते. शस्त्रक्रियेच्या टिपणात किती सेंटीमीटर आतडे उरले, लहान-मोठ्या आतड्यामधली झडप शिल्लक आहे का आणि कुठे जोडले, एवढे असायलाच हवे. त्याची एक मराठी प्रत आईजवळ असावी, कारण आतड्यांच्या चिकटण्यामुळे होणारा अडथळा महिन्यांनी, वर्षांनीही येऊ शकतो आणि तेव्हा रात्री तुमसरचा ड्युटीवरचा डॉक्टरच पहिला भेटतो. हिरवी उलटी झाली की सकाळची वाट पाहायची नाही, हे घरात प्रत्येकाला ठाऊक असावे.

आणि बंद झाल्यावरचे पहिले दिवस. ज्या त्वचेला आठवडेच्या आठवडे शी लागलीच नाही तिला ती आता दिवसातून दहा-पंधरा वेळा लागते. ढुंगण लाल होते, सोलते, रक्तही दिसते, आणि आईला वाटते शस्त्रक्रिया बिघडली. तसे नसते. पहिल्या शीच्या आधीपासूनच झिंक ऑक्साइडचा जाड थर लावायला सुरुवात करावी, पुसण्याऐवजी कोमट पाण्याने धुवावे, दिवसातून काही वेळ उघडे ठेवावे. शीची संख्या काही आठवड्यांत उतरते. तोवर आशाताईने दर दोन दिवसांनी डोकावून वजन लिहिले तर पुढच्या प्रकरणांतला बराच मजकूर तिला आधीच कळलेला असेल.